शून्य आणि शंभर



भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. उन्हाळ्याच्या दुपारी दोन मित्र एकाच तलावात पाय सोडून बसतात. उन्हातून चालत आलेला म्हणतो, पाणी गार आहे. बराच वेळ पाण्यात पाय ठेवून बसलेला म्हणतो, पाणी कोमट आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत. मग पाणी खरोखर किती गरम आहे, हे कोणी सांगायचे? हे काम तापमापी करते. उर्दूत तुम्ही ज्याला ‘दर्जा-ए-हरारत’ म्हणता, त्यालाच मराठीत तापमान म्हणतात. तापमान सांगताना आपण ज्यांचे नाव रोज घेतो, त्या अँडर्स सेल्सिअस यांची ही ओळख.

सेल्सिअस यांचा जन्म २७ नोव्हेंबर १७०१ रोजी स्वीडन देशातील उप्पसाला या गावी झाला. त्यांचे वडील आणि दोन्ही आजोबा प्राध्यापक होते. घरातच गणिताचे आणि ताऱ्यांचे वातावरण होते. १७३० साली ते स्वतः खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे चार वर्षे त्यांनी जर्मनी, इटली, फ्रान्स आणि इंग्लंड या देशांत प्रवास केला व तेथील विद्वानांकडून शिक्षण घेतले.

१७३६ साली पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी फ्रान्समधून एक मोहीम उत्तरेकडे निघाली. सेल्सिअस तिच्यात सामील झाले. कडाक्याच्या थंडीत, गोठलेल्या नदीच्या बर्फावर या लोकांनी काठ्या ठेवून अंतर मोजले. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे, हे या मोजमापावरून सिद्ध झाले. गावी परतल्यावर सेल्सिअस यांनी वेधशाळा उभारली. तिचे काम १७४१ साली पूर्ण झाले.

त्या काळी तापमाप्या पुष्कळ होत्या. पण प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. एका गावचा अंश दुसऱ्या गावाला कळत नसे. कल्पना करा, प्रत्येक दुकानदाराने स्वतःचे वेगळे किलो ठेवले, तर बाजार कसा चालेल? सगळीकडे सारख्याच राहतील अशा दोन खुणा सेल्सिअस यांना हव्या होत्या. त्या त्यांना पाण्यात सापडल्या.

त्यांनी तापमापी वितळणाऱ्या बर्फात ठेवली. पारा एका जागी थांबला. हा प्रयोग त्यांनी पुन्हा पुन्हा केला. हवेचा दाब बदलला, ठिकाण बदलले, तरी पारा तेथेच थांबे. पहिली खूण पक्की झाली. मग त्यांनी उकळते पाणी घेतले. येथे मात्र अडचण आली. हवेचा दाब बदलला की पाणी वेगळ्या तापमानाला उकळू लागे. दुसरा कोणी असता, तर त्याने हा लहानसा फरक सोडून दिला असता. सेल्सिअस यांनी तो काळजीपूर्वक मोजला आणि दुसरी खूण ठरावीक दाबालाच घ्यावी, असे सुचवले. या दोन खुणांमधील अंतराचे त्यांनी शंभर सारखे भाग केले. हे सर्व त्यांनी १७४२ साली एका निबंधात मांडले.

हा फरक तुमच्या घरातही आहे. भंडारा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे तुमच्याकडे पाणी साधारण ९९ अंशांनाच उकळते. महाबळेश्वर तर त्याहून खूप उंच आहे. तेथे पाणी सुमारे ९५ अंशांना उकळते. म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ लागतो.

एक गंमत ऐका. सेल्सिअस यांच्या तापमापीत उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर असे आकडे होते! त्यांच्या मृत्यूनंतर लवकरच हे आकडे उलटे करण्यात आले.

सेल्सिअस यांचे सगळेच विचार बरोबर ठरले असे नाही. त्यांनी समुद्रकाठच्या एका खडकावर पाण्याची पातळी कोरून ठेवली होती. पाणी हळूहळू ओसरत आहे, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात तेथील जमीनच वर येत होती. कारण चुकले, पण खूण खरी होती, म्हणून ती पुढच्या अभ्यासकांना उपयोगी पडली.

२५ एप्रिल १७४४ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे बेचाळीस वर्षांचे होते. १९४८ साली जगाने तापमानाच्या अंशाला त्यांचे नाव दिले.

आज मालवणच्या समुद्रात पाणबुडे खोल उतरतात. त्यांच्या मनगटावरचे यंत्र पाण्याचे तापमान दाखवते. एकाच ठिकाणी उतरलेल्या दोघांच्या यंत्रांत कधी एक-दोन अंशांचा फरक पडतो. एका अंशाने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. पण समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ पांढरे पडतात आणि मरूही लागतात. १९९८ साली लक्षद्वीपमध्ये असेच झाले. यंत्रच एका अंशाने चुकत असेल, तर असे संकट आपल्याला वेळेवर कळणार कसे?

तुमच्या शाळेतील तापमापी खरी आहे का, हे तुम्हीही पाहू शकता. शिक्षकांच्या मदतीने भांड्यात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घ्या. तापमापी त्यात ठेवा. घाई करू नका. पारा स्थिर होऊ द्या. तो शून्यावर थांबला, तर तापमापी तेथे बरोबर आहे. नाही थांबला, तर फरक वहीत लिहून ठेवा. मात्र ताप मोजण्याची डॉक्टरांची तापमापी गरम पाण्यात कधीही घालू नका, ती फुटेल.

मित्रांनो, हाताला जे वाटते ते सांगणे सोपे असते. ते पुन्हा पुन्हा तपासून मगच सांगणे, हे सेल्सिअस यांनी आयुष्यभर केले. म्हणूनच आज अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही आपण त्यांच्या अंशांवर विश्वास ठेवतो.