एमिलीबाई आणि पडणाऱ्या गोळ्याचा हिशेब

गॅलरीच्या कठड्यावरच्या कुंड्या हा विषय आपल्या सर्वसाधारण सभेत दरवर्षी निघतो, म्हणून स्मरणिकेसाठी मी चरित्र निवडलं ते एका फ्रेंच विदुषीचं. त्यांचा या विषयाशी थेट संबंध आहे.

एमिली दु शातले यांचा जन्म १७ डिसेंबर १७०६ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील राजदरबारी अधिकारी. अठराव्या वर्षी सरदार घराण्यात लग्न, मग मुलंबाळं. त्यानंतर या बाईंनी गणिताची शिकवणी लावली, तीही मोपेर्तुई आणि क्लेरो अशा नामवंतांची! लेखक व्हॉल्तेर यांची मैत्रीण एवढीच त्यांची ओळख बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही.

त्या काळी एक मोठा वाद होता. हलत्या वस्तूचा जोर मोजायचा कसा? न्यूटनच्या बाजूचे म्हणत, वस्तुमान गुणिले वेग. जर्मनीचे लायब्नित्झ म्हणत, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. हॉलंडमधले प्राध्यापक ग्राव्हेसांडे यांनी पितळी गोळे मऊ चिकणमातीवर टाकून पाहिले. चौपट उंचीवरून सोडलेल्या गोळ्याचा वेग दुप्पटच होतो, पण मातीतला खळगा मात्र चौपट. (हा प्रयोग एमिलीबाईंनी केला असं काही जण लिहितात, ते बरोबर नाही.) बाईंनी १७४० साली आपल्या ग्रंथात लायब्नित्झची बाजू मांडली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सचिव मेराँ यांनी त्यावर टीका केली, तेव्हा बाईंनी छापील उत्तर दिलं. खुद्द व्हॉल्तेरही विरुद्ध बाजूला होते, तरी बाई हटल्या नाहीत.

आता आपली कुंडी घ्या. ३ किलोची कुंडी चौथ्या मजल्यावरून, समजा १२ मीटरवरून, पडली तर खाली पोचताना तिचा वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटर असतो. थांबायला तिला १ सेंटिमीटरच मिळालं, तर १२ मीटरची सगळी बाकी तेवढ्यात चुकती व्हायची, म्हणजे सरासरी जोर वजनाच्या १२०० पट, ३६०० किलोच्या भाराएवढा. तीच वाळूत १० सेंटिमीटर रुतली तर ३६० किलो. आमच्या बँकेच्या भाषेत, कर्ज तेवढंच, हप्ते वाढले की हप्ता हलका. पण खाली खेळणाऱ्या पोराच्या डोक्याला कुठली आलीय हप्त्यांची सवलत?

बाईंचं सर्वांत मोठं काम म्हणजे न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चं लॅटिनमधून फ्रेंच भाषांतर, शिवाय स्वतःचं भाष्य. १७४९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्यांना दिवस गेले होते. आपण यातून वाचणार नाही अशी धास्ती त्यांना होती, म्हणून रात्र रात्र जागून त्यांनी काम उरकलं. ४ सप्टेंबरला मुलगी झाली. हस्तलिखित राजग्रंथालयात ठेवायची व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेवली होती. १० सप्टेंबरला त्या गेल्या. पूर्ण ग्रंथ छापून आला १७५९ साली. ‘प्रिन्सिपिया’ फ्रेंचमध्ये वाचायचा तर आजही बाईंचंच भाषांतर हाती घेतात.