स्वगृही परका : सेरेत्से खामा

आपल्याकडे नवी सून उंबरठ्यावरचे तांदळाचे माप पायाने लवंडून घरात येते. मुलाने मनाविरुद्ध लग्न केले असेल तर सासू दारात ओवाळायला येत नाही, सासरे वर्तमानपत्रातून डोके वर काढत नाहीत, भाऊबंद महिना दोन महिने तोंड फिरवतात. पण हे सारे घरातले रुसवेफुगवे. त्यात सरकारने पडावे, मंत्रिमंडळाच्या बैठका भराव्यात, चौकशी आयोग नेमला जावा, असे कोणी सांगितले तर आपण हसण्यावारी नेऊ. सेरेत्से खामाच्या बाबतीत हे सारे घडले. त्यातही नवलाची गोष्ट अशी की परदेशातून आलेली नवरी घरात राहिली आणि त्या घरचा, त्या मातीतला नवरदेव मात्र हद्दपार झाला.

सेरेत्सेचा जन्म १ जुलै १९२१ रोजी सेरोवे येथे झाला. आज बोत्स्वाना म्हणून ओळखला जाणारा तो देश तेव्हा बेच्वानालँड या नावाने ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. पण बराचसा भाग कलहारीच्या वाळवंटाने व्यापलेला, वस्ती विरळ, गुरे हीच दौलत. आपल्याकडची संस्थाने ज्यांना ठाऊक आहेत त्यांना तिथल्या कारभाराची कल्पना सहज येईल. टोळीचा राजा गादीवर, आणि त्याच्या डोक्यावर ब्रिटिश अधिकारी. एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. या मुलखाचा कारभार ज्या मॅफेकिंग गावातून चाले ते गाव मुलखात नव्हतेच. ते सरहद्दीपलीकडे, दक्षिण आफ्रिकेत होते. ही चमत्कारिक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा मोठाच उपयोग करून घेतला गेला.

सेरेत्सेचे आजोबा तिसरा खामा हे मोठे नाव. १८९५ साली हा राजा आणखी दोन राजांना बरोबर घेऊन थेट लंडनला गेला आणि आपला मुलूख सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या घशात जाऊ नये म्हणून त्याने तिथे रदबदली केली. याच आजोबांचे आणि सेरेत्सेच्या वडिलांचे वर्षानुवर्षे बिनसलेले होते. ते मिटल्याच्या आनंदात नातवाचे नाव सेरेत्से ठेवले गेले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ सांधणारी माती. १९२५ साली वडील वारले आणि चार वर्षांचे पोर बामंग्वाटो टोळीचे राजे झाले. चुलता त्शेकेडी ऐन विशीत कारभारी म्हणून पुढे आला. त्याने पुतण्याला पोटच्या पोराप्रमाणे वाढवले, दक्षिण आफ्रिकेतल्या चांगल्या शाळांतून शिकवले, फोर्ट हेअर कॉलेजातून पदवी मिळवू दिली आणि १९४५ साली पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला धाडले. ऑक्सफर्ड झाले, मग लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू झाला. शिकून परत यायचे आणि गादी सांभाळायची असा सरळ बेत होता.

१९४७ साली लंडनमध्ये एका मिशनरी संस्थेच्या नृत्यसमारंभात सेरेत्सेची ओळख रूथ विल्यम्स या तरुणीशी झाली. रूथ युद्धकाळात स्त्रियांच्या हवाई दलात होती आणि आता विम्याच्या धंद्यातल्या एका पेढीत कारकुनी करत होती. तिचे वडील एके काळी हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेत कॅप्टन होते. दोघांना जॅझ संगीताचे वेड. पहिल्या भेटीतच काही विलक्षण घडले असे नाही. ओळख हळूहळू वाढत गेली आणि वर्षभरात दोघांनी लग्नाचा निश्चय केला.

सेरेत्सेने चुलत्याला पत्राने कळवले आणि एकच गहजब उडाला. त्शेकेडीने लंडनमधल्या मिशनऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना लग्न थांबवण्याची विनंती केली. चर्चमध्ये लग्नाची तयारी झाली असतानाच तिथल्या धर्मगुरूंनी कच खाल्ली आणि प्रकरण लंडनच्या बिशपकडे गेले. सरकारची संमती आणा, मग लग्न लावू, असा बिशपमहाशयांनी निकाल दिला. वास्तविक इंग्लंडच्या कायद्यात काळ्या पुरुषाने आणि गोऱ्या स्त्रीने लग्न करण्याला कसलीही मनाई नव्हती. म्हणून २९ सप्टेंबर १९४८ रोजी दोघे केन्सिंग्टनच्या नोंदणी कचेरीत गेले आणि पतिपत्नी होऊन बाहेर पडले. रूथच्या वडिलांना हे लग्न मुळीच पसंत नव्हते.

त्शेकेडीला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्याचे म्हणणे असे की राजाची बायको ही एकट्या राजाची नसते. तिच्या पोटी पुढचा राजा यायचा असतो, तेव्हा टोळीला विचारल्याशिवाय लग्न कसे होऊ शकते? आपल्याकडच्या एखाद्या करारी चुलत्याने याहून वेगळे काय म्हटले असते? त्याच्या विरोधात वर्णद्वेषापेक्षा रूढीचा अभिमान आणि दुखावलेली माया अधिक होती, असे मला वाटते. आपल्या या रागाचा उपयोग कोण कोण करून घेणार आहे याची मात्र त्याला कल्पना नव्हती.

बामंग्वाटोंची एक फार सुंदर प्रथा आहे. महत्त्वाचा प्रश्न आला की गावाच्या मध्यावर, लाकडी खांबांच्या कुडाआड सभा भरते. तिला कगोटला म्हणतात. आपली चावडी म्हणा, किंवा पारावरची बैठक म्हणा. राजाने आधी सर्वांचे ऐकायचे आणि शेवटी बोलायचे. सेरेत्से एकटाच परत आला आणि या सभेपुढे उभा राहिला. नोव्हेंबर १९४८ मधल्या पहिल्या सभेत जवळजवळ सगळे त्याच्या विरोधात होते. दुसऱ्या सभेत वारे थोडे फिरले. जून १९४९ मधल्या तिसऱ्या सभेला हजारो माणसे जमली. ज्यांना मी आणि माझी बायको मान्य नाही त्यांनी उभे राहावे, असे सेरेत्सेने म्हणताच मोजकी माणसे उठली. मान्य असणाऱ्यांनी उभे राहावे म्हणताच सारी सभा उभी राहिली. सात महिन्यांत एका तरुणाने नुसत्या बोलण्याने आपली टोळी वळवली. त्शेकेडी आपली माणसे घेऊन शेजारच्या मुलखात निघून गेला.

ऑगस्ट १९४९ मध्ये रूथ विमानाने सासरी पोहोचली. सेरोवेच्या बायाबापड्यांनी तिला आपलेसे केले. तिथल्या गोऱ्या वस्तीने मात्र तिच्याकडे पाठ फिरवली. घरचा प्रश्न घरात सुटला होता. पण त्याच सुमारास सरहद्दीपलीकडे काय चालले होते ते पाहिले पाहिजे.

१९४८ च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत मलान यांचा पक्ष वर्णभेदाचा झेंडा घेऊन सत्तेवर आला होता. १९४९ साली त्यांनी गोऱ्या आणि बिगरगोऱ्यांमधल्या विवाहाला बंदी करणारा कायदा केला. आणि नेमक्या त्याच वर्षी शेजारच्या मुलखात एक काळा राजा गोरी राणी घेऊन गादीवर बसणार! मलान सरकार खवळले. दक्षिण ऱ्होडेशियाचे गोरे सरकारही त्याच सुरात बोलू लागले. लंडनला अॅटलींचे मजूर सरकार होते. हिंदुस्थानला स्वातंत्र्य देणारे हेच ते सरकार. पण युद्धाने खंगलेल्या इंग्लंडला दक्षिण आफ्रिकेचे सोने हवे होते, अणुबाँबसाठी तिथले युरेनियम हवे होते. शिवाय बेच्वानालँड आमच्या ताब्यात द्या ही दक्षिण आफ्रिकेची जुनी मागणी डोक्यावर टांगलेली होतीच.

लग्न मोडण्याचा अधिकार यांपैकी कोणालाच नव्हता. ते कायदेशीर होते. मग हातात उरले एकच हत्यार, ते म्हणजे सरहद्द. दक्षिण आफ्रिकेने सेरेत्सेला आणि रूथला प्रवेशबंदी केली. ब्रिटिशांनी न्यायमूर्ती हॅरागिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. या चौकशीचा अहवाल वाचून हसावे की रडावे कळत नाही. सेरेत्से लायक आहे, बुद्धिमान आहे, लोकांना हवा आहे, हे सारे अहवालाने मान्य केले. पण मॅफेकिंग दक्षिण आफ्रिकेत, तिथे जायला या राजाला बंदी, मग तो कारभार कसा करणार? सबब गादीला नालायक! म्हणजे शेजाऱ्याने वाट अडवायची आणि तुला चालता येत नाही म्हणून आपण शिक्षा द्यायची. हा अहवाल इतका अडचणीचा होता की सरकारने तो दडपून ठेवला आणि तो पुढची तीस वर्षे उजेडात आला नाही.

१९५० च्या फेब्रुवारीत सेरेत्सेला बोलणी करण्यासाठी लंडनला बोलावणे आले. रूथलाही आमंत्रण होते. ती गरोदर होती, पण न जाण्याचे खरे कारण वेगळे होते. दोघांनीही देश सोडला तर परत येऊ देतील याचा भरवसा काय? तेव्हा एकाने घर धरून बसायचे असे नवराबायकोने ठरवले. त्यांचा संशय खरा ठरला. लंडनमध्ये सेरेत्सेपुढे प्रस्ताव आला : गादी सोडा, इंग्लंडमध्येच राहा, वर्षाला १,१०० पौंड घ्या. त्याने नकार दिला. मार्च महिन्यात सरकारने पाच वर्षांची हद्दपारी जाहीर केली.

क्षणभर थांबून हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. लंडनमध्ये जन्मलेली रूथ सेरोवेच्या उन्हात, मातीच्या घरांच्या त्या गावात बाळंतपणाची वाट पाहत आहे. आणि सेरोवेत जन्मलेला सेरेत्से तिच्या गावी, लंडनच्या थंडीत अडकून पडला आहे. पुढे एका खटल्याच्या निमित्ताने त्याला बेच्वानालँडमध्ये तात्पुरते येऊ दिले; तेही सेरोवेपासून दूर, लोबात्सेला राहण्याच्या अटीवर. बायको दिवस मोजते आहे आणि नवऱ्याला तिच्यापाशी जायला साहेबाचा परवाना पाहिजे! मे महिन्यात मुलगी झाली. तिचे नाव जॅकलिन. ऑगस्टमध्ये तिघेही इंग्लंडला रवाना झाले. गंमत अशी, की त्शेकेडीवरही सरकारने बामंग्वाटोंच्या मुलखात येण्याची बंदी घातली. पुतण्याही बाहेर, चुलताही बाहेर!

इंग्लंडमधली सहा वर्षे क्रॉयडनला गेली. ती संसाराची वर्षे. त्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. १९५३ साली मुलगा इयान झाला. क्रिकेटवेड्या वाचकांना ठाऊक असलेला वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टन्टाइन, पार्लमेंटमधले फेनर ब्रॉकवे आणि तरुण टोनी बेन ही मंडळी सेरेत्सेसाठी झगडत होती. परंतु १९५२ साली नव्या हुजूर सरकारने पाच वर्षांची बंदी कायमची करून टाकली आणि वर जमेकात नोकरी देऊ केली. तीही त्याने नाकारली. तिकडे सेरोवेत दंगल उसळली. तीन पोलीस मारले गेले. आमचा राजा आणून द्या, दुसरा आम्ही निवडणार नाही, हा टोळीचा हट्ट. अधिकाऱ्यांनी पुष्कळ खटपट केली, पण लोक बधले नाहीत.

अखेर कोंडी फोडली ती चुलत्यापुतण्यांनीच. त्शेकेडीचा राग केव्हाच निवळला होता. पुतण्याला परत येऊ द्या म्हणून आता तोच खटपट करत होता. १९५६ साली दोघांनी मिळून गादीवरचा हक्क सोडला, आणि ऑक्टोबर महिन्यात सेरेत्से एक साधा नागरिक म्हणून मायदेशी परतला. मागोमाग रूथ आणि मुले आली. आपल्याच घरी राहण्याच्या परवानगीसाठी त्याला राज्य द्यावे लागले. १९५८ साली जुळे मुलगे झाले. एकाचे नाव टोनी बेनवरून अँथनी ठेवले, आणि दुसऱ्याचे त्शेकेडी.

पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकात शोभेल असा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६२ साली सेरेत्सेने पक्ष काढला, १९६५ ची निवडणूक ३१ पैकी २८ जागा मिळवून जिंकली. त्याच वर्षी कारभार मॅफेकिंगहून हलला आणि सरहद्दीच्या आत नव्याने बांधलेल्या गॅबोरोनला आला. ज्या गावाच्या नावाने त्याला नालायक ठरवले होते, त्या गावाचीच गरज संपली. ३० सप्टेंबर १९६६ रोजी बोत्स्वाना स्वतंत्र झाला. सेरेत्से पहिला राष्ट्राध्यक्ष. त्या राष्ट्राच्या ध्वजावर पांढऱ्या कडांमध्ये एक काळा पट्टा आहे, आणि त्याचा अर्थ तिथले लोक दोन वर्णांचा एकोपा असाच सांगतात. १९६७ साली ओरापाला हिरे सापडले, तेही बामंग्वाटोंच्या मुलखात. पण खनिजांवर टोळीचा नव्हे, राष्ट्राचा हक्क राहील असे सेरेत्सेने ठरवले आणि आपल्याच माणसांना ते मान्य करायला लावले. जगातल्या अतिगरीब देशांपैकी असलेल्या त्या राष्ट्रात या हिऱ्यांतून शाळा आणि रस्ते उभे राहिले.

१३ जुलै १९८० रोजी, राष्ट्राध्यक्षपदावर असतानाच सेरेत्से वारला. वय अवघे एकोणसाठ. सेरोवेच्या टेकडीवर, पूर्वजांच्या स्मशानभूमीत त्याला ठेवले गेले. दक्षिण आफ्रिकेतला मिश्रविवाहबंदीचा कायदा रद्द व्हायला मात्र १९८५ साल उजाडले.

नवरा गेल्यावर रूथ इंग्लंडला परत जाईल असे अनेकांना वाटले होते. ती गेली नाही. तिथल्या रेडक्रॉसचे काम करत राहिली. थोरला मुलगा इयान २००८ ते २०१८ या काळात राष्ट्राध्यक्ष होता. ते पाहायला मात्र ती नव्हती. २२ मे २००२ रोजी गॅबोरोनला तिने डोळे मिटले आणि तिला सेरोवेच्या त्याच टेकडीवर सेरेत्सेच्या शेजारी पुरण्यात आले.