पक्ष्याचं नाव विचारणारा मुलगा

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे चेंबूरला गेलो होतो. तिकडे सगळ्या इमारतीच इमारती. पण गोल्फचं एक मोठं मैदान आहे. आत फक्त सभासदांना सोडतात, म्हणून मी आणि मामा सकाळी कुंपणाच्या बाहेरूनच फिरायचो. हिरवळीवर टिटव्या पळत होत्या, गायबगळे किडे टिपत होते. एक मुंगूसही दिसलं. झाडावर दयाळ शीळ घालत होता. मी सवयीने खिशात हात घातला. खिशात बेचकी होती. मामाने ते पाहिलं, पण तो रागावला नाही. त्याने मला डॉ. सालिम अलींची हकिकत सांगितली.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मग त्यांना खेतवाडीत त्यांच्या मामांनी, अमीरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. (हे सांगताना माझा मामा फारच ऐटीत चालू लागला.) सुट्टीत ही सगळी मंडळी चेंबूरला राहायला यायची. गोल्फचं मैदान झालं १९२७ साली, त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा तिथे झाडी होती. असाच दयाळ त्यांनीही ऐकला असेल.

छोट्या सालिमकडे छर्‍याची बंदूक होती. दहाएक वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी? मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. पोरगा घाबरत घाबरत गेला. साहेबांनी चिमणी ओळखलीच, शिवाय कप्पे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. तिथून त्याला जो नाद लागला तो जन्मभर सुटला नाही.

अभ्यासासाठी त्यांनी पुढेही पक्षी मारले. त्या काळी तशी रीतच होती. पण मारलेल्या पक्ष्याला नाव-गाव-तारखेची चिठ्ठी बांधलेली असायची.

पुढे ते शिकायला जर्मनीला गेले. १९३० साली परतले तर नोकरी नाही. तेव्हा ते कुठे येऊन राहिले, माहीत आहे? आपल्या अलिबाग तालुक्यात, किहीमला! तिथे पावसाळाभर ते सुगरणीची घरटी बघत बसले. आपण म्हणतो सुगरण घरटं विणते, पण विणतो तो नर. अर्धं झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तरच ती राहते आणि मग नर ते पुरं करतो. नंतर तो दुसरं घरटं विणायला घेतो, दुसर्‍या मादीसाठी! आपल्या विहिरीवर अर्धवट घरटी का लोंबतात, ते मला आत्ता कळलं.

१९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ रोजी ते वारले.

आता माझं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात मी बेचकीने एक पक्षी मारला आणि कुंपणात टाकून दिला. नाव कुणालाच विचारलं नाही. अंगठ्याएवढा, बाकदार चोचीचा, लांबून काळा, पण हातात घेतल्यावर उन्हात जांभळा चमकत होता. परवा बाईंनी चित्र दाखवून सांगितलं, तो जांभळा शिंजीर. पालकांपैकी कुणाला त्याचं आपल्याकडचं नाव माहीत असेल, तर खाली रिकामी जागा सोडली आहे, तिथे लिहावं.