सदा सिद्ध संत गोन्सालो



संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६च्या सुमारास आपल्या वसईत झाला. किशोरवयातच ते येशूसंघीय धर्मगुरूंसोबत जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि धर्मशिक्षक झाले. पुढे त्यांनी व्यापारात जम बसवला. पण प्रभूची हाक आली तेव्हा तो सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ मध्ये संत पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले.

डिसेंबर १५९६ मध्ये हिदेयोशीच्या हुकुमाने त्यांना अटक झाली. कानाचा तुकडा कापून त्यांना सोबत्यांसह क्योटोत फिरवले. मग भर थंडीत सुमारे महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर २६ क्रूस तयार होते. आपला क्रूस कोणता, एवढेच गोन्सालोंनी विचारले आणि गुडघे टेकून त्याला मिठी मारली, असे सांगतात. १८६२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

ही सिद्धता त्या सकाळी अचानक आली नव्हती. घर सोडताना, व्यापार सोडताना त्यांनी ती थोडीथोडी कमावली होती. आपण मात्र पापनिवेदन पुढच्या सणावर ढकलतो आणि भावाशी समेट पुढच्या वर्षावर. प्रभू केव्हा येईल ते आपल्या हाती नाही. आजचा दिवस आहे. म्हणून लांबणीवर टाकलेली एक तरी गोष्ट या आठवड्यात आपण पूर्ण करूया.

संत गोन्सालो, आम्हांसाठी विनंती करा.