अद्भुताचा मराठी कादंबरीकार : नाथमाधव

छत्तीसगडमधील भिलाईच्या खुर्सीपार भागात वाढणाऱ्या मराठी मुलाला अद्भुत कादंबरीचे नाव विचारले, तर तो बहुधा हॅरी पॉटरचे नाव घेईल. त्याच्या आईवडिलांना देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' आठवेल, कारण तिच्यावरील हिंदी मालिका १९९४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि घराघरांत पोहोचली. व्यवहाराची भाषा हिंदी असलेल्या प्रदेशात हे स्वाभाविकच आहे. मात्र अशा घरात एखादी नवी अद्भुत कादंबरी निवडायची असेल, तर १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'वीरधवल'चा विचार अवश्य व्हावा. आज ती अनेकांनी वाचलेली नाही. म्हणजे त्यांच्यासाठी ती नवीच आहे.

'वीरधवल'चे लेखक द्वारकानाथ माधवराव पितळे यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत झाला. स्वतःच्या नावाचा उत्तरार्ध आणि वडिलांचे नाव जोडून त्यांनी 'नाथमाधव' हे टोपणनाव घेतले. पुढे मूळ नाव जवळपास विस्मृतीत गेले. तरुणपणी ते कुलाबा येथील तोफांच्या कारखान्यात नोकरी करीत. त्यांना खरा नाद होता तो शिकारीचा. रानावनांत भटकणारा, गडकोट चढणारा असा हा गडी होता.

हाच नाद त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला. सिंहगडावर शिकारीसाठी गेले असता ते कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. ऐन तारुण्यात चालणे संपले. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी वाचनाचा आधार घेतला आणि वाचनातून ते लेखनाकडे वळले. 'प्रेमवेडा' ही त्यांची पहिली कादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली. पाठोपाठ १९०९ मध्ये 'सावळ्या तांडेल' आली. तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या. खोलीबाहेर पडणेही ज्यांना कठीण झाले होते, त्या लेखकाने आपल्या वाचकांना थेट समुद्रावर नेले. नाथमाधवांच्या साहसकथांतील धाव कोठून आली असावी, याचा अंदाज बांधण्यास एवढा तपशील पुरेसा आहे.

त्या काळी अद्भुत कादंबरी लिहिणे प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते. मराठीत या प्रकाराची सुरुवात लवकर झाली होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये, तर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' त्याच दशकात आली. राजपुत्र, राजकन्या, कपटी प्रधान, वेषांतरे आणि अखेरीस सर्वांची भेट हा तिचा ठरलेला साचा होता. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्येच आपल्या निबंधात नाटक-कादंबऱ्यांची कठोर चिकित्सा केली होती. पुढे १८८५ मध्ये हरि नारायण आपटे यांची 'मधली स्थिती' आली आणि जाणकारांचे लक्ष सामाजिक वास्तवाकडे वळले. अद्भुत कथा मागे पडली, असे वाटण्याजोगी स्थिती होती.

अशा वेळी नाथमाधवांनी 'वीरधवल' लिहिली आणि सामान्य वाचकांनी ती डोक्यावर घेतली. कारस्थाने, संकटे आणि सुटका यांची साखळी ते अशी गुंफतात की प्रकरण संपले तरी पुस्तक मिटवत नाही. योगायोगांची रेलचेल आहे, भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि आजच्या वाचकाला आरंभीची काही पाने जड जातील, हे मान्य करावे लागेल. तथापि कथानकाने एकदा वेग घेतला की या अडचणी फारशा जाणवत नाहीत.

नाथमाधव केवळ अद्भुतात रमले नाहीत. १९१५ सालच्या 'सोनेरी टोळी'त त्यांनी ठकसेनांचे जग रंगविले. भामट्यांच्या टोळीला मराठी वृत्तपत्रे आजही त्याच नावाने संबोधतात. 'डॉक्टर' ही तीन भागांची कादंबरी सामाजिक सुधारणेची बाजू घेणारी आहे. १९२१ मध्ये 'स्वराज्याचा श्रीगणेशा'ने त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांच्या मालेला प्रारंभ झाला. 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' अशी ती वाढत गेली. एकामागून एक भाग वाचण्याची आवड असलेल्यांना ही माला भावेल, मात्र ती इतिहास म्हणून वाचू नये. प्रसंगांना कल्पनेचा रंग भरपूर आहे.

निवड करताना क्रमही महत्त्वाचा ठरतो. लहान वाचकाच्या हाती प्रथम 'सावळ्या तांडेल' द्यावी, तिची गोडी लागल्यावर 'वीरधवल' आणि मग स्वराज्यमाला. कॉपीराइटची मुदत केव्हाच संपल्याने ही पुस्तके कोणीही छापू शकतो. त्यामुळे टपालाने पुस्तक मागविताना आवृत्ती संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे आधी विचारून घ्यावे. संक्षेपात कथानक उरते, पण वर्णने जातात, आणि नाथमाधवांची निम्मी करामत त्या वर्णनांतच आहे.

पहिल्या कादंबरीनंतर सुमारे 20 वर्षे त्यांचे लेखन चालू राहिले. २१ जून १९२८ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.