शेख महंमद श्रीगोंदेकर : अंतःकरणातील लढाई



आमच्या कर्जतला लागूनच श्रीगोंदा तालुका आहे. श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. शेख महंमद यांचे स्थान तेथेच आहे. त्या गावावरून तुम्ही अनेकदा गेला असाल. त्यांचे चरित्र मात्र आपल्या घरांत क्वचितच सांगितले जाते.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा जन्म झाला. घराणे मुसलमान, नाते सूफींच्या कादरी परंपरेशी आणि लेखणी मराठी. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्यांना श्रीगोंद्यास आणून मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. मान, आश्रय, शिष्य हे सारे त्यांना लाभले होते. एखादा तेवढ्यावरच विसावला असता.

परंतु त्यांच्या हयातीतच काळ पालटला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. १६३० ते १६३२ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. ज्या दरबारी मानासाठी माणसे आयुष्यभर झुरली, तो दरबारच उरला नाही. त्यानंतर १६४५ मध्ये, उतारवयात, त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. त्यातील रणांगण आहे माणसाचे अंतःकरण आणि शत्रू आहे अहंकार.

वाचकहो, कुरआनने नफ्सच्या तीन अवस्था दाखविल्या आहेत : दुष्कर्माकडे ओढणारा, स्वतःला दोष देणारा आणि समाधान पावलेला. शेख महंमदांची परिभाषा योगमार्गाची आहे. तिच्यातील प्रत्येक कल्पना आपल्या अकीद्यात बसेलच असे नाही. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र नफ्सशी झुंजल्यावाचून समाधान नाही, हा त्यांचा अनुभव आपलाही आहे.

आपण मुलांना विचारतो, तुला कोण व्हायचे आहे? कशासाठी व्हायचे आहे, हे विचारायचे राहून जाते. मग नोकरी मिळते, घर होते, तरी मन पुढच्या वस्तूमागे धावतच राहते. मेहनत करणे आपले कर्तव्यच आहे. पण तिच्यामागची नीयत केवळ लोकांच्या वाहवेची असेल, तर वाहवा थांबताच माणूस रिता होतो.

आज इशाच्या नमाजनंतर मुलांना जवळ बसवा. हा प्रश्न आधी स्वतःला विचारा, मग त्यांना.

अल्लाह आपणा सर्वांना समाधान पावलेले अंतःकरण देवो. आमीन.