नाण्यांचा शौकीन राजा

सोन्याच्या नाण्याला उर्दूत आपण अशरफी म्हणतो. अशरफ्या आपल्याला गोष्टींतच भेटतात. इजिप्तचा राजा फारूक याच्या महालात मात्र सोन्याची हजारो नाणी आणि पदके होती. त्यांत अमेरिकेची नाणीही पुष्कळ होती.

फारूकचा जन्म १९२० साली कैरो शहरात झाला. तो इंग्लंडमध्ये शिकत असताना १९३६ साली त्याचे वडील, राजे फुआद, वारले. सोळा वर्षांचा फारूक शिक्षण अर्धवट सोडून परतला आणि गादीवर बसला. वस्तू जमवण्याचा त्याला भारी नाद होता. टपाल तिकिटे, घड्याळे, नाणी, जे दुर्मिळ असेल ते त्याला हवे असे.

त्यांतल्या एका नाण्याची हकीकत मोठी मजेदार आहे. अमेरिकेत २० डॉलरचे सोन्याचे नाणे असे. त्याला 'डबल ईगल', म्हणजे दुहेरी गरुड, म्हणत. १९३३ साली तेथे मंदी होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना जवळचे सोने सरकारजमा करण्याचा हुकूम दिला. त्या वर्षी टाकसाळीत ४,४५,५०० डबल ईगल पाडले होते. ते लोकांच्या हाती द्यायचे नाहीत, असे ठरले. दोन नाणी संग्रहालयासाठी ठेवली आणि बाकीची १९३७ साली वितळवली. पण काही नाणी आधीच गुपचूप बाहेर गेली होती. त्यांतले एक फारूकने १९४४ साली विकत घेतले. गंमत अशी की, ते देशाबाहेर नेण्याचा परवाना अमेरिकन सरकारनेच दिला! चूक कळली तेव्हा उशीर झाला होता. महायुद्ध चालू होते. अशा वेळी एका नाण्यासाठी राजाला कोण दुखावणार?

छंद वाईट नसतो, पण फारूकला आवर ठाऊक नव्हता. शेतकरी गरीब होते आणि महालात उधळपट्टी चालली होती. जुलै १९५२ मध्ये सैन्याने बंड केले. फारूक राज्य सोडून अलेक्झांड्रिया बंदरातून जहाजाने निघून गेला. नाणी मागेच राहिली. १९५४ साली नव्या सरकारने कैरोत त्यांचा लिलाव मांडला. अमेरिकेच्या विनंतीवरून ते एक नाणे लिलावातून काढले, आणि नंतर ते नाहीसे झाले!

फारूक १९६५ साली रोम शहरात वारला. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये एक डबल ईगल पकडला गेला. तो फारूकचाच, असे मानतात. २००२ साली तो सुमारे ७६ लाख डॉलरला विकला गेला आणि २०२१ साली सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला.